एक ठोका उशिरा

१९ मे, दुपार

प्रिय उशीरराव,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडे जहाज तरंगत असेल अशी आशा आहे.

आई मजेत आहेत. गुडघे दुखतात, पण ते तुला अजिबात कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, आणि मी कळवायला विसरू नये म्हणून पुन्हा एकदा बजावलंय. तुझी कार्डं त्यांना मिळतात. प्रत्येक कार्डाच्या शेवटी 'घरी सगळ्यांना नमस्कार' असतो. आई सोडल्या तर घरात मी आणि मांजर. तो नमस्कार आम्ही दोघी वाटून घेतो.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'हं' म्हणतोस. चार वर्षं मी त्या 'हं'चे अर्थ लावतेय. कागद निदान हुंकार तरी देत नाही.

तर बातमी. एका रेकॉर्ड कंपनीला माझी आठवण झाली. त्यांना सुट्ट्यांचा अल्बम काढायचाय. वर्षअखेरीला लोक आपापल्या घरी जातात, एकमेकांना नको असलेल्या वस्तू भेट देतात, तेव्हा मागे मंद वाजत राहायला जी गाणी लागतात, ती. जॅझ हवाच, पण 'जेवताना ऐकता येईल असा', हे कंपनीवाल्याचे शब्द. मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं लोक माझं गाणं ऐकत जेवलेच आहेत. कुणाला ठसका लागल्याचं ऐकिवात नाही." तो हसला नाही. लिहून घेतलं त्याने.

पण माणसाने हात आखडता घेतला नाही. सबंध बिग बँड दिला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, सगळे धरून सतरा वादक. आपला संसार एक पियानो आणि एक माईक एवढ्यावर चाललेला. पहिल्या दिवशी पाठीमागे एवढं पितळ चमकताना दिसलं, तेव्हा चुकून दुसऱ्याच बाईच्या रेकॉर्डिंगला आले की काय, असं वाटलं. आणि मग ते सगळे एकदम वाजले! काय सांगू! आगबोटीने भोंगा द्यावा आणि तो सुरात निघावा, तसं. तू हवा होतास, ऐकायला.

सुट्ट्या डिसेंबरात, त्यामुळे गाणी मेमध्ये. या धंद्यात बर्फ नेहमी उन्हाळ्यातच पडतो. त्यातून स्टुडिओतला एसी बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये उतरते. मी 'खिडकीवर धुकं, हातात ऊब' असं गातेय आणि पाठीवरून घामाचे ओघळ. ट्रॉम्बोनवाला डोक्यावर ओला टॉवेल घालून बसतो. दातदुखीचा रोगी वाटतो, वाजवतो मात्र लोण्यासारखं. मुखपृष्ठासाठी मला लोकरीचा कोट आणि मफलर चढवून शिडीवरून माझ्यावर कापूस उडवला. आईंना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाल्या, "गादी फाटली का गं?"

बाकी सगळी गाणी झाली. एकच अडलंय. तुझं ते परतीचं, तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटं आपटत बांधलेलं. कंपनीवाल्याला ते अल्बमच्या शेवटी हवंय. अडचण फार मोठी नाही. दुसऱ्या कडव्यात 'दिवा अजून जळतो आहे' या ओळीआधी बँड येतो आणि मी एक ठोका उशिरा येते. पुन्हा घेतलं, पुन्हा उशिरा. नंतर तर मी मनात मोजत होते, तरी उशिरा.

आमचे बँडमास्तर शब्द उधार आणल्यासारखे बोलतात. आधी म्हणाले, "बाई, बँड आला. आपण?" मग म्हणाले, "बाई, दार उघडंच आहे." शेवटी छडी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, तुम्ही वाट कुणाची बघताय?"

सगळे हसले. आपला जुना ड्रमवाला तेवढा हसला नाही. तो आधीच घट्ट असलेला एक स्क्रू पिळत बसला.

मी म्हटलं, उकाडा. पटलं सगळ्यांना. उकाडा होताच. गाणं पुढच्या महिन्यावर ढकललंय.

त्या जागी पियानोवर तू कायम उशिरा यायचास, त्याचीच सवय लागलीय, दुसरं काही नाही. मोडून काढीन. लोकांच्या सिगारेटी सुटतात, हे काय!

ड्रमवाल्याकडून कळलं, की जहाजावर पियानो वाजवायचा तुझा करार संपतोय आणि जहाजवाले ऑगस्टमध्ये पुन्हा नवा कागद पुढे करणार आहेत. करशीलच सही. चांगलंच आहे. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलास आणि चार वर्षं राहिलास, त्या अर्थी समुद्राची हवा मानवलेली दिसते.

तब्येतीला जप. मांजराचा नमस्कार.

घरची गायिका


११ जून, सकाळ

प्रिय,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. आईंना कार्ड आलं. त्यात बंदर, ऊन, आणि 'सगळ्यांना नमस्कार'. असो.

गाणं काल झालं. कसं झालं ते तुला सांगायला हवं, कारण ते आता तू बांधलं होतंस तसं राहिलेलं नाही.

आधी कंपनीवाल्याने तोड काढली. म्हणाला, "तुम्ही उशिरा गा, काही हरकत नाही. आम्ही नंतर तुमचा आवाज कॉम्प्युटरवर उचलून एक ठोका पुढे सरकवतो." सरकवला, आणि मला हेडफोन दिले. बिनचूक. एक बाई वेळेवर आली, दिवा जळतोय म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. तिला कुणाचंही काही पडलेलं नव्हतं. नवीन फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटबाई बोलतात ना, "हा हॉल, हे बेडरूम, हा दिवा", अगदी तसं. मी हेडफोन काढून ठेवले. म्हटलं, "हे नको."

"पण चूक तर दुरुस्त झाली!"

"तेच नको."

मग मी बँडमास्तरांकडे गेले. म्हटलं, बँडच थांबवा त्या जागी. सगळ्यांच्या कागदावर एक ठोका जास्तीचा लिहा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी स्टेशनमास्तरांना गाडी धरून ठेवायला सांगतेय.

"सतरा माणसं थांबवू? कशासाठी?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. उकाडा हाताशी होताच. पण आई माझ्यासोबत आल्या होत्या, स्टुडिओ बघायचा म्हणून, कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय लांब करून बसलेल्या. त्या आपणहून बोलल्या, "अहो, तिथे माझा मुलगा मान वर करून हिच्याकडे बघायचा. मग सूर द्यायचा. बघण्यात वेळ जायचा."

मला वाटायचं, हे फक्त मला माहीत आहे. लोक म्हणायचे, पियानोवाला उशिरा येतो. मीही तुला चारचौघांत उशीरराव म्हणायचे. एवढ्या वर्षांत आपण दोघं यावर एक अक्षर बोललो नाही आणि तुझी आई हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून सगळं बघत होती.

मी मान खाली घालून माईकची तार सरळ करत राहिले. ती सरळच होती.

बँडमास्तरांनी विचारलं, "किती वेळ बघायचा?"

आता हे कुणाला सांगता येतं का? म्हटलं, सांगता नाही येणार, गाऊन दाखवते. त्यांनी छडी ठेवून दिली आणि नुसता हात वर केला. त्या जागी आलो, हात हवेत थांबला, आणि सगळा बँड थांबला. तोंडाशी ट्रम्पेट धरलेली, गाल फुगलेले, ड्रमवाल्याच्या काड्या वर. कुणी श्वासही घेतला नाही. तेवढ्यात आईंची खुर्ची करकरली. मग मी आले, आणि माझ्या मागोमाग ते सगळे. पहिल्याच खेपेला झालं. खुर्चीचा आवाज पुसून टाकू का, असं कंपनीवाल्याने विचारलं. मी म्हटलं, हात लावाल तर बघा.

आता ते खरं लिहिते, जे मागच्या पत्रात दोनदा लिहून खोडलं होतं. आपण गायचो-वाजवायचो तो हॉल बंद होऊन तिथे बुटांचं दुकान झालं, तेव्हा जहाजाला पियानोवाला हवा होता आणि गायिका त्यांच्याकडे होती. तू गेलास, त्यात वावगं काही नव्हतं. पोट दोघांनाही होतं. पण नंतर तू 'येऊ का?' विचारलं नाहीस आणि मी 'ये' म्हटलं नाही. तुला वाटलं असेल, हिचं बरं चाललंय. मला वाटलं, त्याला तिकडेच गोडी लागली. दोघंही सभ्य. कडाकडा भांडणारी जोडपी अजून एका ताटात जेवतायत आणि आपल्यात हा एवढा समुद्र.

माझं बरं चाललेलं नाही. म्हणजे गाणं उत्तम आहे, आवाज शाबूत आहे. पण गाताना डावीकडे बघायची खोड जात नाही, आणि डावीकडे कुणी नसतं. तिकडे भिंत असते, नाहीतर पाण्याचा कूलर.

सुट्ट्या लागतात त्या संध्याकाळी अल्बमचा कार्यक्रम आहे. सगळा बँड मंचावर. पियानोवर कोण, ते बँडमास्तरांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी काल पुन्हा विचारलं. म्हटलं, ऑगस्टपर्यंत थांबा. ते म्हणाले, "बाई, तुमच्या नादाने थांबायची सवय लागणार आम्हाला." पण थांबले.

सही करू नकोस. एवढंच सांगायला चार वर्षं आणि दोन पत्रं लागली. सही करू नकोस, घरी ये.

हे पत्र मी आईंना दाखवलेलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. पाकीट तेवढं हातात घेतलं, तोललं, आणि म्हणाल्या, "तिकिटं जास्त लाव. मध्ये पाणी आहे."

पत्र पोहोचल्याचं कळवू नकोस. तूच पोहोच.

तुझी