कालवणाचा परिच्छेद

करावे, नवी मुंबई
गुरुवार, २१ ऑगस्ट

तीर्थस्वरूप वामनदादांना करावे मुक्कामाहून नंदकिशोरचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी दिलेलं तेल संपलं असेल तर कळवा. (काशी म्हणते, दादा तेल लावत नाही, नुसतं कपाटात ठेवतो. मी म्हटलं, असू दे, घरात औषध असलं की माणसाला धीर येतो.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही मध्येच ‘बरं, मग?’ म्हणता आणि मला पुढचं सुचेनासं होतं. पत्रात ती भीती नाही.

तर झालं असं. तुर्भ्याच्या गोदामात एकतीस वर्षं नोकरी करताना मी कथा लिहायचो, हे तुमच्या बहिणीच्या तक्रारींमधून तुमच्या कानावर आलेलंच आहे. लांब वही, निळी शाई, डाव्या बाजूला समास. एकही कथा छापून आली नाही. (एक सोसायटीच्या स्मरणिकेत आली होती, पण पाण्याच्या वेळांच्या सूचनेखाली आल्यामुळे ती लोकांनी सूचना म्हणूनच वाचली.) यंदा ‘खाडीवारा’ नावाच्या दिवाळी अंकाला मी शेहेचाळीस पानांची कथा हाताने लिहून पोस्टाने पाठवली. आठवड्याने संपादक नमिताबाईंचा फोन आला. फार गोड बोलतात. म्हणाल्या, “काका, अक्षर सुंदर आहे, पण वाचता येत नाही. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर टाइप केलेलंच लागतं.”

रुतिकेने तिचा जुना लॅपटॉप मला दिला. (आमची सून गुणी आहे, रूपेशला अजून कळलेलं नाही, पण कळेल.) एका बोटाने टाइप करत चार दिवसांत मी एक पान केलं. वहीत शब्द खोडला तर तो रेघेखाली जिवंत असतो, पश्चात्ताप झाला तर परत घेता येतो. इथे खोडलेला शब्द कुठे जातो ते कुणालाच सांगता येत नाही. तरी एक सोय मला आवडली. नायकाचं नाव राम होतं, पण आमच्या आळीत एक राम आहे आणि तो सगळं अंगावर घेतो. वहीत दोनशे ठिकाणी खाडाखोड करावी लागली असती. रुतिकेने दाखवलं, एक बटण दाबलं की सगळ्या रामांचे सुदाम होतात. झालेही. फक्त डॉक्टरांनी नायकाला पंधरा दिवस आसुदाम करायला सांगितला आणि गावातली वडीलधारी माणसं भेटल्यावर एकमेकांना सुदामसुदाम घालू लागली.

मग तिने बोलून लिहायची सोय करून दिली. आपण बोलायचं, यंत्र लिहितं. मी छाती भरून, आकाशवाणीवर बोलावं तसं शुद्ध बोलू लागलो. ‘होडी खाडीत उलटली’ असं मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्याने ‘थोडी गाडीत उलटली’ असं लिहिलं. सहा पानांचा करुण प्रसंग होता, दादा. त्यात कोण बुडालं हेच कळेना.

अशात एका सकाळी गॅसचा सिलिंडर आला. मी यंत्र तसंच चालू ठेवून खाली गेलो. सिलिंडरवाल्याशी लिफ्टवरून थोडं वाजलं. (तो म्हणे, जड सामान लिफ्टमधून न्यायला वॉचमन सोडत नाही, वॉचमन म्हणे, सिलिंडरला सोडतो, या माणसाला सोडत नाही.) वर यायला वीसेक मिनिटं लागली. तेवढ्या वेळात काशी त्याच टेबलाशी जवळा निवडत बसली होती आणि फोन स्पीकरवर टाकून बहिणीशी, दुर्गाबाईंशी, बोलत होती. मी आलो, खुर्चीत बसलो आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू झालो. पंधरा दिवसांनी कथा संपली. डोळे इतके दुखत होते की मी ती परत वाचली नाही. शुद्धलेखन रुतिकेने तपासलं. मधल्या दीड पानात तिला दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडलं नाही. तिला वाटलं, पप्पांना शेवटी हात बसला. कथा ईमेलने गेली.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी नमिताबाईंचा फोन. “काका, दीड पान छापतोय.”

“आणि बाकीचं?”

“बाकीच्यात गाडी फार आहे, काका. पण तो कालवणाचा परिच्छेद! मी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचवेना.”

मला कालवण आठवेना. माझ्या कथेत कुणी जेवतच नाही. लॅपटॉप उघडून पाहिलं तर सुदाम संकटात असताना मध्येच लिहिलेलं होतं. एक थोरला भाऊ आहे. (कुठला, ते तूर्त राहू द्या.) महिन्यातून एका रविवारी तो बहिणींना बोलावतो आणि स्वतः खाडीतल्या निवट्यांचं कालवण करतो. आयुष्यभर त्याच्या कालवणाचं नाव. पण त्याला मिठाचा अंदाज कधीच नव्हता. तो चुलीपुढून उठून अंघोळीला गेला की त्याची बायको गुपचूप झाकण काढायची, मीठ घालायची, चिंचेचा कोळ पिळायची आणि परत दारात येऊन बसायची. बत्तीस वर्षं. त्याला पत्ता नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता तो कालवण करतो, बहिणी जेवतात, बोटं चाटतात, घरी येऊन लोणच्याची फोड तोंडात टाकतात. मागच्या रविवारी स्वतः चव घेऊन तो म्हणाला, आज झालंय असं कालवण, ती असती तर बोलली असती. आणि धाकटी बहीण ‘हात धुते’ म्हणून मोरीत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

मी काशीला बोलावून वाचून दाखवलं. आधी ती भडकली. “माजा बोलना छापनार? लाज हाय का?” मी म्हटलं, यंत्राने घेतलं, मी नाही. मग म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. निवडायला घेतलेल्या जवळ्याचं सूप तिने मांडीवरून खाली ठेवलं. म्हणाली, “एक चुकलाय. वयनी दारात नाय बसायची. दादा यायच्या आत परत भांडी घासाला बसायची, म्हंजे हात ओला कसा, त्या कोनी इचारू नये.” तेवढं मी दुरुस्त केलं, बोटाने, टाइप करून.

खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी शाईने शब्द घासले आणि छापून येणार ते तिने जवळा निवडता निवडता बोललेलं. नमिताबाईंनी वर माझंच नाव घातलं होतं. दोन दिवस मी ते तसंच राहू दिलं. (त्या दोन दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही.) तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, हे माझं नाही, माझ्या बायकोचं आहे, तिचं नाव घाला. काशी ‘माजा नाव नको’ म्हणत होती, पण नमिताबाईंनी पूर्ण नाव विचारल्यावर तिने ते माहेरच्या आडनावासकट सांगितलं.

असो. सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुमच्या प्रकृतीला जपा.

आपला,
नंदकिशोर

ता. क. त्या परिच्छेदातला भाऊ म्हणजे तुम्ही. हे तुम्हाला अंक वाचून कळण्याऐवजी माझ्या हातच्या अक्षरात कळावं, म्हणून हे पत्र. शांतीवहिनींनी जे बत्तीस वर्षं झाकलं, ते आमच्या घरातल्या यंत्राने उघडं केलं. त्याबद्दल मला क्षमा करा. तुमची परवानगी असेल तरच छापावं असं मी नमिताबाईंना कळवलं आहे.

ता. क. २. नमिताबाईंचा आत्ताच फोन आला. अंक कालच छापायला गेला.

ता. क. ३. दादा, मी काशी लिवतंय. यांचा पत्र वाचून फोन बंद करून बसू नको. रविवारी मी न दुर्गी येताव. कालवन तूच कर. अंघोलीला जा, आनि भायेर याला जरा येल लाव.