आईच्या साडीचं दुपटं

मुलुंड. रविवार, संध्याकाळ.

१. दादाच्या मुलीचं बारसं झालं. आत्या म्हणून कानात नाव मी सांगितलं.
२. आई गेल्यावर तिची एकच सुती साडी उरली होती. तिचं दुपटं शिवून दिलं.
३. वहिनीच्या आईने ते पाळण्यातून काढून कपाटावर ठेवलं.

"गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाला घालत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "तू एवढी शिकलेली, तुला कोण सांगणार?" दादा घुगऱ्या वाटत राहिला. त्याचीही आईच ना ती?

बाळाला टोचू नये म्हणून शिवण आत घेतली होती. कुणी उलटून पाहिलंही नाही. आधी विचारायला हवं होतं का? पण आईने आम्हा दोघांना आजीच्या लुगड्यातच गुंडाळलं होतं. आजी तेव्हा जिवंत होती, हे खरं.

शिवण उसवली तरी आता त्याची साडी होणार नाही. पण ते कपाटावर पडून राहणं मला सहन होणार नाही.

वहिनीला मेसेज केला: "वहिनी, दुपटं वापरणार असशील तर ते बाळाचंच आहे. नसशील तर मला परत हवंय. तुझं तू ठरव आणि बुधवारपर्यंत कळव."