समारोपाचं वाक्य

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! धाकट्याच्या घरात मला वेगळी खोली, टेबल, आणि टेबलावर त्याने स्वतः पुसलेला दिवा. पुसलेला म्हणजे शर्टाच्या बाहीने, पण मनापासून. माझा हा भाऊ जिथे प्रोग्रामर आहे त्याच कंपनीत दोन महिने माझा अभ्यास चालणार. वशिला त्याचाच, आणि ते त्याचं सकाळपासून तीनदा ऐकवून झालंय.

विषय सोपा आहे. प्रोग्राममधली चूक शोधताना माणसाच्या डोक्यात काय चालतं? डोकं उघडून बघता येत नाही, म्हणून त्यालाच सांगायचं की काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोला. मी शेजारी गप्प बसायचं, रेकॉर्डर चालू ठेवायचा. तो पंधरा सेकंद गप्प झाला की मी दोनच शब्द बोलायचे, "बोलत राहा". आणि बोलले की कागदावर एक रेघ ओढायची.

आज रात्री जेवणाआधी धाकट्यावर चाचणी घेतली. खऱ्या अभ्यासाआधी घेतात तशी, ती कुठे मोजत नाहीत. तो जन्मजात बडबड्या, एकही रेघ ओढावी लागली नाही. शेवटी माझ्या गाईड सरांनी दिलेल्या सूचनांच्या कागदावरचं समारोपाचं वाक्य वाचायला घेतलं: काम संपलं, आता थांबलात तरी चालेल. अर्ध्यातच तो खो-खो हसत सुटला. म्हणाला, मी काय मिक्सर आहे का, बटण दाबल्याशिवाय बंद न होणारा? मलाही ते पोरकटच वाटलं. टाकलं काढून.

मंगळवार, ४ तारीख

पहिली बैठक. चौथ्या मजल्यावर काचेची छोटी खोली, दोन खुर्च्या, एक सुकलेलं रोप. समोर टोपीवाला. एसीचा वारा लागतो म्हणून हा बाराही महिने लोकरीची टोपी घालून काम करतो. लाजरा माणूस. चार वेळा बोलत राहा म्हणावं लागलं, चार रेघा. पाऊण तासात चूक सापडली तर लहान मुलासारखा खूश झाला. समारोपाचं वाक्य वाचलं नाही, नुसते आभार मानले.

गुरुवार, ६ तारीख

आज टेस्टिंगवाल्या बाई. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे घरी नवरा दचकूनच असतो असं स्वतःच सांगतात. मला फार आवडल्या. रेघा सहा.

दुपारी टोपीवाल्याची टेप उतरवून काढली. कागदावर रेघा चार, टेपवर माझं बोलत राहा पाच वेळा. एक रेघ राहिली असणार. माझं पण ना, लक्ष कुठे असतं कोण जाणे.

सोमवार, १० तारीख

ऑफिसात हशा पिकलाय. टोपीवाला शनिवार-रविवारच्या सुट्टीपासून सारखा पुटपुटतोय. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याने टीमच्या लीडला तोंडावर सांगितलं की तुमचं बोलणं लांबतं आणि मला मग भूक लागते. सगळे हसले, लीडसुद्धा. धाकटा म्हणाला, ताई, तू त्याला वाचा फोडलीस.

मी पण हसले. पण टोपीवाल्याचे डोळे हसत नव्हते.

मंगळवार, ११ तारीख

बाईंची टेप. रेघा सहा. टेपवर तेरा.

पुन्हा ऐकली. आवाज माझाच आहे, ताईगिरीचा, किंचित चढा. मधे एका ठिकाणी मला ठसका लागला होता, ते मला पक्कं आठवतंय, बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली होती. टेपवर माझा ठसका ऐकू येतो. आणि त्याच क्षणी, त्या ठसक्यावरून, माझाच आवाज शांतपणे म्हणतो, बोलत राहा.

हेडफोन काढून ठेवलेत. धाकट्याला सांगितलं नाही, उगाच चेष्टा करेल.

बुधवार, १२ तारीख

टोपीवाल्याची बायको ऑफिसात आली होती. तो दवाखान्यात आहे. तोंड थांबत नाही, त्यामुळे घास गिळता येत नाही, झोप नाही, घशातून रक्त येतंय. तिने मला विचारलं की तो सारखा कुणाला तरी हो बोलतोय, बोलतोय असं म्हणतो, ती तुम्हीच का?

बाई प्रसाधनगृहात सापडल्या. दोन्ही हातांनी तोंड दाबून उभ्या होत्या, आणि हातांमागून शब्द येतच होते. मला बघून भिंतीला चिकटल्या.

अभ्यास बंद केला, उरलेल्या सहा जणांच्या बैठका रद्द. सगळ्या टेपा पुसल्या. काही फरक पडला नाही.

गुरुवार, १३ तारीख

सरांना फोन केला, रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, समारोपाचं वाक्य वाचलंस ना? मी नाही म्हणाले. मग ते म्हणाले, मला माझ्या सरांकडून तो कागद आला, ते वाक्य त्यात का आहे ते माहीत नाही, पण आम्ही ते वाक्य कधी गाळलं नाही. जा, आत्ताच्या आत्ता वाच.

धावत दवाखान्यात गेले. टोपीवाला टोपीशिवाय ओळखू येत नव्हता. मी कानाशी वाकून वाचलं. काम संपलं. आता थांबलात तरी चालेल.

तो गप्प झाला. अगदी शब्दाच्या मधोमध. बायको माझ्या गळ्यात पडून रडली. सुटलो गं बाई! उद्या सकाळी बाईंकडे जायचं.

शुक्रवार, १४ तारीख

टोपीवाला थांबला आहे.

नुसतं बोलणं नाही. सगळंच. डोळे उघडे आहेत, श्वास चालू आहे. बायकोने हाक मारली तरी पापणी हलत नाही. चमच्याने पाणी घातलं तर घशाखाली जातं, तेवढंच. डॉक्टरांनी तिला सांगितलं की आत काही चालू असल्याची खूण नाही. विचारच नाही. ती फोनवर मला शिव्या देत होती आणि मी ऐकत होते.

बाईंचा नवरा ऑफिसच्या दारात हात जोडून उभा होता, ते वाक्य वाचा म्हणून. मी मागच्या जिन्याने पळाले.

देवाची कृपा, यादीत धाकटा नाही. अभ्यासाच्या आठ जणांत त्याचं नाव घातलंच नव्हतं, सख्खा भाऊ चालत नाही म्हणून. त्याची तर फक्त

चाचणी. अगं बाई. चाचणी.

शनिवार, १५ तारीख

चाचणीची टेप वेगळ्या कप्प्यात होती. पुसायची राहिली होती. रेघ एकही नाही. टेपवर त्याचं हसणं, मिक्सरचा विनोद, खुर्ची सरकल्याचा आवाज. त्यानंतर माझा आवाज, अगदी मायेने. बोलत राहा.

तो आत कप धुतोय. बोलतोय. तो नेहमीच बोलतो ना. मी दाराशी उभी राहून पंधरा मोजले. वीस मोजले. चाळीस.

थांबला नाही.

रविवार, १६ तारीख

त्याला कळलंय. मला म्हणाला की ताई मला थांबता येत नाही, आणि लगेच, नळ टपकतोय, आणि लगेच, तिला सांगायला नको होतं, ती घाबरेल. सगळं बाहेर येतंय. त्याला मी किती आवडते तेही. असं तोंडावर त्याने जन्मात कधी सांगितलं नव्हतं.

आवाज बसत चाललाय. पाण्याचा घोटही शब्दांबरोबर बाहेर येतो.

सरांचा कागद फाडून जाळला. पण वाक्य पाठ आहे मला. काय उपयोग.

सोमवार, १७ तारीख — सकाळ

दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली आहे. ते नळीने अन्न देतील, झोपेचं औषध देतील. टोपीवाल्यालाही दिलं होतं. झोपेतही —

तो म्हणतोय, ताई वाच, घसा, वाच ना, नको, नको वाचूस, खिडकी लावली का, आई असती तर, वाच ताई, दुखतंय, मी गेलो की हिचं कसं —

नाही वाचणार. बोलतोय तोवर तो आहे. माझा भाऊ आहे तो अजून. मीच सांगितलं त्याला, हात धरून, बोलत राहा राजा. रेघ ओढली. पुन्हा सांगितलं. रेघ. रेघ. रेघ —

आता त्याचा आवाज खाली आलाय. गाडीचा हॉर्न —

मी ओठ घट्ट मिटलेत. एका हाताने तोंड दाबलंय. एका हाताने लिहितेय. मी बोलत नाहीये. मी काही म्हणत

खोलीत माझा आवाज. त्याच्या कानाशी. काम संपलं, म्हणतोय. काम संपलं, आता —