तुमच्या दारावरची बेल

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्याबद्दलचा माझा संशय काही गेला नाही.

मुलुंडचं तुमचं घर, तिसरा मजला, दाराच्या डाव्या बाजूला बेल. मी तेव्हा कारखान्यात फिटर. ड्रॉइंग वाचण्यापासून सगळं माझं मी शिकलो होतो. इंग्रजी बोलणं तेवढं एकट्याला जमेना, त्याला समोर माणूस लागतो, म्हणून दर शनिवारी तुमच्याकडे शिकायला यायचो. तुम्ही मला कॅसेटवर बोलायला लावायचात आणि कॅसेट ठेवून घ्यायचात. "चुका होऊ देत रे. घाई कशाला, कुणी पाठीस लागलंय?" एका शनिवारी मी दहा मिनिटं आधी पोचतो. दाराआड कॅसेटवर माझाच आवाज चाललाय, मशीन कसं बंद करायचं ते साहेबांना समजावतोय. आणि त्यावर हसणं. मोठ्यानं, दोनदा. बेलवरचं बोट मी काढून घेतलं आणि जिना उतरलो, तो कायमचा. पुढे तुमचा निरोप आला, "तब्येत बरी आहे ना?" मला त्यातही खोच दिसली.

आता चारकोपच्या घरी दर रविवारी मीच मराठी बोलायला शिकवतो. केरळची एक नर्स येते. शब्द अचूक, पण सूर असा की पेशंटला वाटावं, ही रागावलीय. म्हणून इंजेक्शनच्या आधी आजींशी कसं बोलशील, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं. गेल्या रविवारी मी आणि बायको ते ऐकत होतो. "आजी, हात द्या. घाबरू नका. मी पण घाबरते." आम्ही दोघं खो खो हसलो. तेवढ्यात बेल वाजली. दारात तीच.

"सर, माझ्यावर हसता?"

"छे छे," मी म्हणालो.

"हसलो गं," बायको म्हणाली. "अगं, इतकं गोड बोललीस, ती आजी दोन्ही हात पुढे करेल."

तिनं आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. चप्पल काही काढेना. मग म्हणाली, "परत लावा. मला पण ऐकू द्या." शेवटपर्यंत ऐकलं, हसली मात्र नाही. "सर, इथे जरा हळू बोलायला पाहिजे ना?" आणि चप्पल काढून आत आली.

म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका, बाई. माझ्या बोलण्यात गोड काही नव्हतं, आणि तुमच्याकडे येणारी माणसंही बडी असायची. पण एका सुताचा फरक पकडणारा मी, तर हेही सांगायला हवं. दार बंद होतं. आत तुम्ही हसलात की पाहुणे, हे मला कळलंच नव्हतं. लोकांना मात्र आजवर मी, मला कोण हसलं म्हणून, तुमचंच नाव सांगत आलो.