सातवा प्रसंग

धंतोली, नागपूर
९ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप दादांच्या पायांवर मधुकरचं डोकं.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा लेप चालू असेलच. इकडे वच्छला बरी आहे. मीही बरा आहे, म्हणजे उभा आहे.

पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.च्या भानगडीत पडू नको, असं तुम्ही सांगितलं होतं. ऐकलं नाही. तरुण मुलंमुली प्रेमातल्या अडचणी किती शहाणपणानं सोडवतात, ते मोजणं हा माझा विषय. (हसू नका, विद्यापीठानं मंजूर केला आहे.) वीस प्रसंग छापून घेतले. अशा वेळी आपण काय करू, ते मुलांनी लिहायचं आणि तीन परीक्षकांनी दर उत्तराला पाचपैकी गुण द्यायचे. पण नागपुरात प्रेम कोणी करतच नाही. जो तो म्हणतो, मी नाही सर, माझा मित्र. असे मित्र एकशे चाळीस निघाले. एकानं तर विसाच्या वीस प्रसंगांत 'आईला विचारीन' असं लिहिलं. (परीक्षक पार्वतीबाईंनी त्याला शंभर गुण दिले. त्यांना चार मुलगे आहेत.)

शेवटी मुलं कमी पडली म्हणून सोमवारी आपल्या कवडूलाही वर्गात बसवलं. तुम्ही शिकायला माझ्या घरी ठेवलेला तुमचा मुलगा, तेवढा तरी उपयोग होईल म्हटलं. सातवा प्रसंग असा होता: तुमच्या प्रिय व्यक्तीचं लग्न घरच्यांनी दुसरीकडे ठरवलं आहे आणि तिनं ते तुमच्यापासून लपवलं आहे. कवडूला वाटलं, त्याच्या सावनेरच्या सोयरिकीवरून काकांनी हे मुद्दाम त्याच्यावरच काढलं. तो सरळ उभा राहिला आणि दोन बाकांपलीकडच्या मुलीला म्हणाला, "मी तुले सांगणारच होतो, चारू."

ही चारुलता, कुहीची, वर्गात पहिली येणारी. तिनं शांतपणे विचारलं, "कधी? अक्षता टाकाले बोलावल्यावर?"

मग खाली मान घालून तिनं उरलेले सगळे प्रसंग लिहिले, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. सातव्यापुढे लिहिलं होतं: 'आत्ताच विचारलं. उत्तर मिळालं.' तिन्ही परीक्षकांनी पाच दिले. कवडूचा कागद सातव्यापासून कोरा. दुसऱ्या दिवशी तो कागद परत मागायला आला, सुधारायचा होता म्हणे.

दोन वर्षांचं प्रेम, दादा. एका घरात राहून मला पत्ता नाही, आणि मी निघालो मोजायला. तुम्ही सावनेरची सोयरीक ठरवली तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही, एवढंच. काल मी चारुलतेला होस्टेलवर जाऊन भेटलो. ती म्हणाली, "मी रागावून नाही राहिली, सर. पण ज्याले तोंड नाही, त्याच्या घरी मी जन्मभर कोनासंग बोलू?" मी चहा पिऊन परतलो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा
मधुकर

ता. क. सावनेरची सोयरीक वर्षभर थांबवता आली तर पाहा. चारुलतेसाठी नव्हे, ती नाही म्हणून मोकळी झाली. सावनेरच्या त्या पोरीसाठी. तिनं आपलं काय बिघडवलंय? कवडूला शंभरपैकी चौदा गुण आहेत.

ता. क. दुसरा. हे पत्र त्यानंच लिहायला हवं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे."

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कवडू येऊन सांगून गेला, रविवारी खाप्याला घरी जातो, बाबांना मीच सांगतो. हे पत्र त्याच्या आधी पोचेल. दादा, वाचलंच नाही असं दाखवा. आणि तो बराच वेळ नुसता बसून राहिला, तर उठून जाऊ नका.