वॉशिंग मशीनमधले वेफर्स

आई,

मी कामावर निघालेय. कपडे लावायला बाथरूममधलं वॉशिंग मशीन उघडलं, तर मळक्या चादरींखाली वेफर्सचं पाकीट! पप्पांना हल्ली अंघोळीला अर्धा तास का लागतो, ते आत्ता कळलं. नळ कितीही मोठा सोडला तरी कुरूमकुरूम बाहेर ऐकू येतंच गं.

सोरायसिस मला आहे, सगळ्या घराला नाही. तळलेलं आणि गोड कमी कर, मासे-पालेभाज्या वाढव, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. त्याने फरक पडेलच असं नाही, पण पडू शकतो, आणि मलम चुकवायचं नाही, एवढंच ते म्हणाले. टोमॅटोचं तर नावही काढलं नाही. ती बंदी शेजारच्या काकूंची. त्या बिचाऱ्या टोमॅटोला आता सोड. आणि दादाला माझ्या जोडीला उकडलेला भोपळा खायला बसवू नकोस. तो असं तोंड करतो की मला घास गिळवत नाही.

कोपरं आता बरीच शांत आहेत, पण डाग दिसतात. म्हणूनच तू लांब बाह्यांचा ड्रेस इस्त्री करून ठेवला होतास ना? तो परत कपाटात टांगलाय. एवढ्या उकाड्यात तो मी तुझ्यासाठीसुद्धा घालणार नाही. अर्ध्या बाह्यांचा घातलाय. कोणी टक लावून बघितलंच, तर सांगेन, हात लावून बघा, चिकटत नाही.

वेफर्स बशीत काढून टेबलावर ठेवलेत. पप्पांना म्हणावं, नळ बंद करून खा.