साठीपुढच्या बायकांचा रकाना

११ जानेवारी १९७१, सोमवार
कर्जतहून एसटीनं पोचले. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, पण मन खूश! आमच्या श्रीरामपूरच्या गल्लीतली रक्त तपासायची नोकरी लागलेली पहिली मुलगी मी, हन्ना, वय वर्षे तेवीस. चावडीशेजारी खोली मिळाली आहे. समोर लिंबाखाली एक म्हातारा दिवसभर बसतो आणि माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटतो.
काम सोपं आहे. गावातल्या दोनशे माणसांचं उपाशीपोटी बोटातलं रक्त तपासायचं. वयाबरोबर रक्तातली साखर वाढते का, बायकांत आणि पुरुषांत फरक पडतो का, ते तक्त्यात भरून पुण्याच्या डॉक्टरांना द्यायचं. आधीचा याकोब अर्धा तक्ता टाकून पळाला म्हणे. एप्रिलमध्ये फिलिपशी माझं लग्न, त्याआधी सगळं हातावेगळं करीन.

१३ जानेवारी
साखर सापडते, वय सापडत नाही! गावातले गोरक्षनाथ आजोबा म्हणतात, प्लेग आला तेव्हा ते वासराएवढे होते. ते वासरू केवढं होतं, देव जाणे. माणसं बोलावून आणणारी सुईण गोजरबाई खो खो हसली. मी आपली अंदाजानं वयं लिहिते.

१५ जानेवारी
आज छबूबाईची साखर एकशे अडतीस भरली! मांडीवर चार महिन्यांचं पोर, वय फार तर अठ्ठावीस. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सकाळीच संक्रांतीचे चार तिळगूळ खाल्ले होते. वर मलाच म्हणाली, "तिळगुळानं कुटं उपास मोडतोय व्हय, बाई?"
तरुण बायकांच्या रकान्यात तो आकडा अगदीच विचित्र दिसत होता. तिला पुन्हा बोलवायचा कंटाळा आला. साठीपुढच्या बायकांचा रकाना ओसच होता, तिथे लिहून टाकलं: छबूबाई, स्त्री, पासष्ट. कोण बघतंय?

१८ जानेवारी
दारात एक म्हातारी आली. केस पांढरे, तोंडाचं बोळकं. कडेवर छबूबाईचं पोर होतं. सासू असेल म्हणून मी बसायला सांगितलं.
ती छबूबाईच होती. दूध आटलंय. पोर तिला ओळखत नाही, वरचं दूध ओकून टाकतं.
माझ्या हातून काय झालं हे?

१९ जानेवारी
पासष्ट खोडून अठ्ठावीस लिहिलं होतं. सकाळी पुन्हा पासष्ट, माझ्याच अक्षरात. पान फाडलं. दुपारी वहीत पान होतं.

२० जानेवारी
तिचं नाव खोडून मनानंच एक नाव घातलं. ते टिकलं नाही. रकान्याला जिवंत बाई हवी.
याकोबचे कागद काढले. शेवटची ओळ: याकोब, पुरुष, बहात्तर. त्याच्याखाली काहीच नाही.
गोजरबाईला विचारलं. ती म्हणाली, त्याला तर मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यानं गावातल्या सहादेवचं वय चुकीचं लिहिलं होतं. मग त्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं, तेव्हा सहादेव सुटला. याकोब गेला कुठे, म्हणून विचारलं. तिनं लिंबाखालच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "त्यो कुटं गेलाय? हितंच तर हाय."

२१ जानेवारी
एसटी गाठली. खिडकीतून पाहिलं तर छबूबाईची सासू पोराला घेऊन उभी, मागे बायका. कुणी अडवलं नाही, शिवी दिली नाही. पोर रडत होतं, तेही किती बारीक. कंडक्टरनं घंटी वाजवली—
मी उतरले.

२२ जानेवारी
सासू माझ्या उंबऱ्यात बसून आहे. वाट मोकळी आहे, तरी ओलांडता येत नाही. मला जायचंय. मला लग्न करायचंय. मी काय पाप केलं? एक आकडा—

२३ जानेवारी
पोर आता रडतही नाही. नुसतं कण्हतं. गोजरबाई म्हणते, उद्याचा दिवस निघायचा न्हाई.
दुसऱ्या कुणाचं नाव घालू? गोजरबाईचं? पेन टेकवलंही होतं. ती माझ्यासाठी भाकरी घेऊन आली—
नाही जमलं.

२४ जानेवारी, दुपार
छबूबाईचं नाव खोडलं. लिहिलं: हन्ना. स्त्री. पासष्ट.
उंबऱ्यात सासूशेजारी बसलेली छबूबाई किंचाळली. आता चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज येतोय. तिचे केस काळेभोर—
अक्षरं पुसट दिसताहेत. दात हलतोय. बोटं वळत नाहीत. फिलिप, तू येशील तेव्हा ओळख मला. वही बघू नकोस. मी तेवीस वर्षांची आहे. मी तेवी—